आठ दिवसांच्या दोन ओळी

...आठ दिवस, तुम्हाला सांगते, आठ दिवस ही माझी पोरगी त्या लॅपटॉपात तोंड घालून बसली, ताटातली भाकरी वाळून कडक झाली, आन् शेवटी मी विचारलं, 'शिवानी, काय केलंस गं एवढं?' तर म्हणती, 'अव्वा, दोन ओळी.' दोन ओळी! आवो, आठ दिवसांत मी आख्ख्या गल्लीच्या कुरडया घालून वाळवल्या असत्या.

आन् पोरगी काय अडाणी न्हाई. सहा वर्षं पुण्याच्या कंपनीत होती. चार महिन्यांमागं कंपनीनं निम्मी माणसं कमी केली, त्यात आमची बी गेली, तवापासनं उदगीरला घरीच हाय. आमचे मालक, मोंढ्यात सोयाबीनची आडत हाय त्यांची, ते सगळ्यांना सांगत फिरतेत, 'शिवानीचं घरून काम चालू हाय.' कसलं काम? फुकटाचं! जगभरची माणसं मिळून एक प्रोग्राम लिहितेत, मालकी कुणाचीच न्हाई... आपल्या मठात दासोहाच्या पंगतीला कसं, कुणी बी यावं, कांदा चिरावा, भात वाढावा, तसं. तर आमची तिथं कांदा चिरायला बसली, आन् चिरला किती? दोन ओळी.

त्या दिशी दुपारी मालक जेवायला आले. मी म्हणलं, 'विचारा तुमच्या लेकीला, आठ दिवस काय करून राहिली.' तर ती सांगती, 'अप्पा, प्रोग्राम नीट चालतो का, हे बघायला एक बारकी परीक्षा लिहिलेली असती. ही परीक्षा प्रश्न विचारायची आन् उत्तर यायच्या आतच पास म्हणून मोकळी व्हायची. तीन वर्षं पास. आत बिघाड होता, कुणाला पत्ता न्हाई. मी दोन ओळी घातल्या. एक, उत्तर येईस्तोवर थांब. दुसरी, आलेलं उत्तर बघ.'

'मंग त्याला आठ दिवस?' मी म्हणलं.

'कुठं थांबत न्हाई, ते हुडकायलाच गेले.'

मालक असे हसले की ठसका लागला. 'आगं, हे तर आकडा ठरायच्या आत वजन सांगितल्यावानी झालं!' कारण काट्याच्या बाबतीत हा माणूस लई कडक. पोतं काट्यावर टेकलं की हमाल असो, शेतकरी असो, सगळ्यांना मागं लोटणार. 'सरका मागं, आकडा ठरू द्या.' आन् सोता हात पाठीमागं बांधून उभे.

आन् हाच माणूस घरात? चप्पल घालता घालता, 'शिवानी, बरी हायस ना? हां. बरं.' गेले! पुण्याला होती तवा फोनवर बी तेच, 'जेवलीस? बरी हायस? हां, ठेवतो.' पोरीनं तोंड उघडायच्या आत पास. सहा वर्षं पास.

तर त्या दिशी बी हसत हसत उठले, एक पाय चपलेत घातला, म्हणले, 'शिवानी, बरी हायस ना?' ती म्हणली, 'हो अप्पा.' हे म्हणले, 'हां, ब...' आन् थांबले. चपलेतला पाय काढला. आले, तिच्यापुढं खाली बसले. मी आपली ताकाचा तांब्या घेऊन पुढं झाले, तर मला हात करून म्हणतेत, 'सरक मागं. आकडा ठरू दे.' मला! सोयाबीनचं पोतं हाय का मी?

पर सरकले बाई मागं. पोरगी मान खाली घालून बसलेली, बोट फिरवून राहिली नुसतं ताटाच्या कडंवरनं. लई वेळानं म्हणली, 'न्हाई अप्पा. बरी न्हाई.'

मंग बोलली. अकरा ठिकाणी अर्ज केले, एकाचं उत्तर न्हाई. तुम्ही लोकांना घरून काम सांगता, तवा लई लाज वाटती. आन् ह्या दोन ओळी कुठल्या तरी देशातल्या माणसानं पास केल्या, खाली लिहिलं, बरं झालं तू बघितलंस. चार महिन्यांत मला एवढंच कुणी म्हणलं, अप्पा. मालकांचा फोन वाजला, त्यांनी बंद केला. 'मंग?' म्हणले नुसतं. 'मंग?' दोन ओळींची पोरगी दीड तास बोलली. खोटं कशाला सांगू, मी दाराआड पदरानं डोळे पुसून राहिले.

दुसऱ्या दिशी सकाळी पूजा आटपून हे गॅसपाशी आले. म्हणले, 'शरणम्मा, तू बरी हायस का?' आन् थांबले! हात पाठीमागं बांधून. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगते. पोटात एवढं साठलेलं, गुडघ्यापासनं माहेरापतोर... कुठनं सुरू करू आन् कुठं न्हाई. आन् तोंडातनं काय निघालं?

'हाव, बरी हाय. चहा घ्या.'

काय करता... बत्तीस वर्षांची सवय ती, दोन ओळींत थोडीच सुटती.