चौथ्या पॅरामधली ओळ

हो, वीणाचंच, माझ्या बायकोचं स्टेटमेंट – पंचवीस कॉप्या सकाळी तुझ्याच टेबलावर दिल्या ना आम्ही – त्यातली चौथ्या पॅरामधली एकच ओळ काढायची आहे, बाकी काही नको. तू इंग्लिशमध्येच बोल रे, मला चालतं. बॅजवर कुश दांडेकर वाचलं म्हणून तुला गाठलं, मराठी समजतं एवढं पुरे. आणि सर सर काय लावलंयस, काका म्हण. आम्ही बेलव्ह्यूचे, मी सॉफ्टवेअरमध्ये – या सुनावणीसाठी सहाला निघालो घरून, वाटभर ती नुसती पानं वाचत होती. कमिटीला वाटून झाल्या? सगळ्या? मग निदान बोलताना तरी ती ओळ गाळायला सांग ना तिला – तू सेनेटरच्या ऑफिसातला, तुझं ऐकेल. वेळ कमी आहे म्हण, प्रत्येकाला तीनच मिनिटं आहेत ना.

मी का नाही सांगत? सांगतो, थांब. अनीश आमचा मुलगा. एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. मागच्या मेमध्ये, दोन हजार सहाच्या, कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये – तुला माहीतच आहे, मघाशी सेनेटरनी गोळीबारात गेलेल्या पाचही मुलांची नावं वाचली, आमचं आडनाव जरा चुकवलं, असू दे. बिल चांगलं आहे रे. कुणी धोक्याचा वाटला, कुणी कळवलं, तर कोर्टाला त्याची गन काढून घेता यावी – यात वाईट काय आहे? पण कळवायला कुणीतरी हवं ना. तीच तर ओळ आहे. 'माझ्या अनीशला आधी कळलं असतं तर त्यानं नक्की सांगितलं असतं, मी त्याला तसंच वाढवलंय.' तिनं हातानं लिहिली, टाइप मी केली. टाइप करतानासुद्धा मी गप्प बसलो, काय सांगू तुला.

खोटी आहे का? नाही, म्हणजे – खोटी कशी म्हणू, त्यानं सांगितलं होतं. मला. त्याआधी एका रविवारी फोन आला, वीणा देवळात गेली होती – बाबा, शेजारच्या रूममधल्या मुलानं गन दाखवली, कुणाकुणाला मारणार ते बोलतो, रिपोर्ट करू का? आणि मी काय म्हणालो असेन? तुझ्या बाबांना विचार, कदाचित त्यांनीही हेच सांगितलं असतं – पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, ग्रीन कार्डचं शेवटचं स्टेज आहे, आपलं नाव कुठल्या कागदावर नको, गुपचूप रूम बदलून घे. अकरा वर्षं थांबलो होतो रे त्या कार्डासाठी. त्यानं ऐकलं. ऐकायचाच तो माझं. रूम बदलली, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेला – पण जेवायला सगळे एकाच हॉलमध्ये. ऑगस्टमध्ये कार्डं आली. तीन. अनीश गेल्याचं वकिलाला कळवायचं राहूनच गेलं होतं आमचं. त्याचं कार्ड वीणानं देव्हाऱ्यात ठेवलंय, फोटो छान आलाय म्हणून, त्याच्यापुढे रोज दिवा लावते, आणि मी तोवर गाडीत जाऊन बसतो.

तिला माहीत नाही, कुणालाच नाही. तुला का सांगितलं कुणास ठाऊक – ओळ काढायला आलो होतो फक्त. नको, पाणी नको. तिच्या आधी किती जण उरलेत? दोन? म्हणजे सहा मिनिटं. नाही, आता तू जाऊ नकोस तिच्याकडे. ती एवढ्या लोकांसमोर ते वाचणार, आणि मी मागे बसून मान हलवणार – नाही जमायचं रे, पोरानं सांगितलं होतं, हे तरी त्याच्या आईला कळायला हवं. आठ महिन्यांत जमलं नाही ते सहा मिनिटांत कसं – असो. मग तिला बोलायचं असेल तर बोलेल, माझं नाव घेऊन बोलली तरी चालेल. हो बाजूला बाळा, दार उघडू दे मला.