घरात कुणी राहिलंय का

— न्हाई, पिशवी माझीच हाय मावशी, बसा तुमी. भावाचे कपडे हायेत त्यात. लातूरला दवाखान्यात ठेवलाय अमरनाथला. आगीत भाजला न्हाई तो — डोक्याचं दुखनं हाय, पंधरा वर्षं झाली. गोळी चालू असली की कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई, गुरांना पानी पाजतो, शेंगा फोडतो माझ्यासंगं. मंगळवारी आमचा माळ पेटला की न्हाई? भर दुपारी वारा सुटला अन् आग उसात घुसली, तासाभरात गाव खाली केलं. ट्रॉलीत घालून पल्याडच्या गावच्या शाळेत नेलं सगळ्यांला. जेवन व्हतं, सतरंज्या व्हत्या — त्याच्या गोळ्या मात्र घरी फळीवरच राहिल्या. दुसऱ्या दिशी अमर भिंतीसंगं बोलायला लागला. बाया लेकरं घेऊन लांब बसल्या — रागानं न्हाई, भिऊन. सरपंच हळूच म्हनले, शिवगंगा, तुमी दोघं व्हरांड्यात बसा. बसलो. पान्याचा तांब्या ठेवायचे अन् जायचे, बोलायचं न्हाई कुणी. तिसऱ्या दिशी त्यानं अन्न सोडलं — त्यात धूर कालवलाय म्हनं. मग नेलं लातूरला.

घरातून कसा काढला? तो निघंना की. गाव खाली करायला आलेले पोलिस बघून त्याला वाटलं, धरून न्यायला आले — आतून कडी लावली. मी दार बडवलं, हाका मारल्या. ट्रॅक्टरवाल्यानं इचारलं, घरात कुणी राहिलंय का?

मी म्हनलं, न्हाई.

लोकांला सांगते मी, दार उघडायला येळ लागला म्हून. तसं न्हाई मावशी. मी ट्रॉलीत चढले, पुलापोतर गेले. अन् खरं सांगू — हलकं वाटलं. लई हलकं. मग शेजारीन म्हनली, अमर पुढच्या ट्रॉलीत हाय का? तशी उडी टाकली मी, धुरातनं पळत माघारी गेले. दार उघडं. उंबऱ्यात बसला व्हता, माझ्या चपला मांडीवर घेऊन. म्हनला, "अक्का, अनवानी कुठं गेली व्हतीस?"

घर वाचलं आमचं. काल डॉक्टरनं त्याला इचारलं, घरी कोन बघतं तुला? अक्का बघते म्हनला. मला तिथं बसवंना, उठून भाईर आले.

— तुमची उदगीरची गाडी लागली बघा. जावा, न्हाईतर जागा मिळायची न्हाई. अन् मावशी, आमच्या गावात कुणी वळखीचं असलं तर — जावा तुमी. जावा.