विरूचा पंक अल्बम

आमच्या विरूला पंक चावला, ते ऐकलं का? इंग्रज पोरांच्या कुठल्याशा जुन्या बँडचा पहिला अल्बम त्यानं ऐकला आणि दुसऱ्या दिवशी जेल लावून केस उभे केले. "वाजवता नाही आलं तरी चालतंय, राग खरा पायजे," म्हणाला. लगेच बँड काढला. ड्रम कुठला आणणार? त्याच्या घरातलं पाण्याचं निळं बॅरल उपडं घातलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

रेकॉर्डिंग त्याच्याच घरी. विरू "व्यवस्था मोडा" म्हणून नरडं फाडतोय, मी बॅरल बडवतोय, तेवढ्यात त्याची आई आत आली.

"आरं मुडद्यांनो, नळ आलाय की! सोड ते बॅरल!"

बॅरल नळाखाली गेलं, पण धार पडतीय करंगळीएवढी. मग काकू पाणी सोडणाऱ्यावर सुटल्या. मराठीत सुरू केलं ते त्याच्या सात पिढ्या उद्धरून कन्नडमध्ये संपवलं. रेकॉर्डिंग चालूच होतं.

नंतर ऐकलं तर अंगावर काटा आला. मी म्हटलं, "विऱ्या, हेच पहिलं गाणं. असला राग आपल्याला जन्मात यायचा न्हाय."

विरू उभे केस चापूनचोपून बसवत म्हणाला, "येडा हायस का? ताईच्या सासरचे ऐकतात की!"

काकूंना कापलं, "व्यवस्था मोडा" तेवढं ठेवलं. ताईच्या सासऱ्यांनी ते ऐकून परवाच कळवलंय, "सुश्राव्य."