शेवटचे चार टोमॅटो

बियाण्यांच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा होते. त्यांनी दुकानदारासमोर कागदाची पुडी उलगडली.

"हे टोमॅटोचं बी कधी पेरू? बायको लावायची. एकेका झाडाला पाटीभर यायचे, आणि गोडी अशी की वर मीठसुद्धा नको."

"हायब्रीड होते का, काका?"

"हो. दरवर्षी इथूनच पाकीट न्यायची."

"मग या बियांना तसे टोमॅटो येणार नाहीत, हायब्रीडचा गुण बियांत उतरत नाही. म्हणून तर काकू दरवर्षी नवं न्यायच्या."

"मला कुठे ठाऊक? मी आपला आयता खाणारा."

"तेच पाकीट देऊ?"

"ती गेली तेव्हा झाडावर चारच उरले होते. बियांसाठी राखले."

"पेरून बघा, काका. टोमॅटो तर येतीलच."

"येतील हो. पण त्यातला एक तरी खायला हवा होता."