राखीव पॅराशूटची वरात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या पॅराशूट क्लबचे संस्थापक, व्यासपीठावरचे मुख्य प्रशिक्षक, उपकरणांचा दर्जा तपासणारे मान्यवर तपासनीस साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या सगळ्यांच्या मावशी, आणि समोर बसलेल्या, विमानातून उड्या मारणाऱ्या व त्यांच्यापायी घरी जीव मुठीत धरून बसणाऱ्या बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालक बाईंनी माझी ओळख 'ज्येष्ठ वाहनप्रशिक्षक' अशी करून दिली. ऐकायला भारदस्त वाटतं. खरं म्हणजे मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊ माणूस गाडी चालवतो आणि मी शेजारी बसून देवाचा धावा करतो. माझी दुसरी ओळख बाईंनी संकोचाने गाळली. ती मीच सांगतो. गेल्या वर्षी इथल्या मैदानावर जी मुलगी गेली, तिचा मी बाप. आपण सगळे 'ती घटना' म्हणता. आपल्या मनाचा मोठेपणा मला कळतो, पण माझी मुलगी घटना नव्हती, मुलगी होती. तेव्हा आज तेवढी मोकळीक मला द्यावी.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव मावशींच्या भाषणानंतर छापलं आहे. ते मी अध्यक्षांशी हुज्जत घालून आधी घ्यायला लावलं. का, ते पुढे येईलच. अध्यक्ष महाराजांनी मघाशी 'थोडक्यात आवरा' अशी चिठ्ठी सरकवली आहे. ती मिळाली. वाचली. खिशात ठेवली.

मावशींविषयी गौरवाचे शब्द आधीच्या वक्त्यांनी इतके बोलून टाकलेत की माझ्यासाठी काही उरलं नाही. म्हणून मी त्यांच्या कामाविषयी बोलतो. इथे माझ्यासारखे पुष्कळ पालक आहेत, ज्यांना मूल वर गेल्यावर फक्त खाली कधी येतं एवढंच कळतं. त्यांनी ऐकावं. उडी मारणाऱ्याच्या पाठीवर एकाच पिशवीत दोन पॅराशूटं असतात. एक मुख्य, त्याची घडी ज्याची तो घालतो. दुसरं राखीव. त्याला मालकानेसुद्धा हात लावायचा नाही. त्याची घडी मावशींनी घालायची, ठरल्या मुदतीत ते पुन्हा उघडायचं, शिवण न् शिवण उजेडाला धरून पाहायची, परत घडी घालायची, आणि शेवटी लाल दोरा बांधून वर शिशाचं इवलंसं सील दाबायचं. त्या सीलवर मावशींची खूण असते. छातीवर उजवीकडे लाल मूठ असते, ती ओढली की बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटून जातं. डावीकडे चंदेरी मूठ. ती ओढली की मावशींचा दोरा तुटतो, आणि मावशींची घडी आकाशात उलगडते.

त्या घडी घालायच्या खोलीत मी कित्येकदा बसलोय. लांबच लांब टेबल, त्यावर वाळूच्या पिशव्यांची वजनं, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पट्टे, आणि एका कोपऱ्यात मावशींचं शिवणयंत्र. पट्ट्याचा एक टाका जरी उसवलेला दिसला तरी मावशी म्हणायच्या, "हे खाली राहील." बस्स, ते विमानात चढायचं नाही. मग तो पट्टा नवशिक्याचा असो नाहीतर अध्यक्षांचा. एकदा अध्यक्षांचाच होता, असं ऐकतो. ते अजून हसत नाहीयेत, म्हणजे खरं असावं.

आता वरातीकडे येतो.

आपल्या भाषेत एखाद्याची वरात काढणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. इथे मात्र ती खरोखरची काढत. राखीव पॅराशूटवर कोणी उतरला, की जेवणाच्या खोलीतली ताटं-वाट्या बाहेर यायच्या. त्याच्या गळ्यात जुन्या फाटक्या पॅराशूटचा शेला पडायचा, आणि मैदानापासून घडीच्या खोलीपर्यंत वाजतगाजत वरात. दारात मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "आलात का माझं काम वाढवून?" सगळे खो खो हसायचे. सुटून गेलेलं मुख्य पॅराशूट शोधत दोन-चार जणांना रानोमाळ हिंडावं लागायचं, म्हणून त्यांच्याही चार शिव्या. मग त्या माणसाने अख्खी खोली झाडायची.

यात वाईट काय होतं? काही नाही. जो जिवंत परत आला त्याचीच तर चेष्टा होत होती. मरण डोक्यावरून गेलेल्या माणसाला हसवून पुन्हा माणसात आणायचं, ही त्यामागची माया मला कळते. मीही शिकाऊ माणसाच्या हातून भर चौकात गाडी बंद पडली की विचारतो, "झोप लागली का हो गाडीला?" तो हसतो, मीही हसतो. पण मी पाहिलंय, एकदा असं हसलं गेलं की पुढच्या चौकात काही जण गाडी बंद पडू नये म्हणून सिग्नलच तोडतात.

माझी मुलगी या वराती काढण्यात सगळ्यांत पुढे असायची. तिच्या मैत्रिणीने मला मोबाइलवर दाखवलं. ती जाण्याच्या आधीच्याच आठवड्यातली वरात. पोरगी ताट बडवतेय, केस विस्कटलेले, आणि हसून हसून तिला उभं राहवत नाही. त्याच संध्याकाळी घरी चहा पिताना मला म्हणाली, "बाबा, माझी वरात नाही हं कधी निघायची." मी म्हणालो, "अगं, लग्नाची तरी काढू दे." तिची आई आतून ओरडली, "काय अभद्र विनोद करताय दोघं!" आम्ही आणखी हसलो.

त्या दिवशी सकाळी मावशींनी तिच्या पाठीवरचं सील तपासलं, पट्टा ओढून पाहिला, आणि रोज सगळ्यांना म्हणायच्या तेच तिलाही म्हणाल्या. "माझं सील तोडून आलीस तर वरात मी काढीन बरं का." ती म्हणाली, "मावशी, तुमचं काम वाढवणार नाही मी." आणि गेली.

वर काय झालं ते तपासनीस साहेबांनी आम्हाला घरी येऊन, जमिनीवर बसून, माझ्या हातातल्या रुमालाची घडी घालून समजावलं. साहेब, त्या दिवशीचे आपले उपकार आम्ही विसरणार नाही. मुख्य पॅराशूट उघडलं, पण एका बाजूने गुरफटलं. दोऱ्यांना पीळ पडला आणि ती भोवऱ्यासारखी फिरू लागली. अशा वेळी एक उंची ठरलेली असते. तिला म्हणतात निर्णयाची उंची. तिथवर पॅराशूट ताळ्यावर आलं तर ठीक, नाहीतर विचार करायचा नाही, लाल मूठ, चंदेरी मूठ, संपलं. माझ्या मुलीला हे पाठ होतं. ती नव्या लोकांना हेच शिकवायची. पण तिच्या मागून उडी मारलेल्या मित्राने पाहिलं की तिचे दोन्ही हात वर होते. ती पीळ सोडवत होती. त्या उंचीच्या खाली आली तरी सोडवत होती. आपोआप राखीव उघडणारं जे यंत्र असतं, ते पडण्याचा वेग बघतं. अर्धवट पॅराशूटखाली तिचा वेग तेवढा नव्हता, म्हणून ते गप्प राहिलं. शेवटी तिने मुठी ओढल्या. राखीव पॅराशूट उघडलंही. पुरतं फुलायला खाली जागा नव्हती.

अहवालात लिहिलं, उपकरणं प्रमाणित दर्जाची, घडी निर्दोष. आम्हाला वाटलं, चला, निदान कोणाच्या माथी काही नाही.

अहवाल आला त्याच आठवड्यात मावशी आमच्या घरी आल्या. चपला दारातच काढून उभ्या. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाल्या, "भाऊ, कापड निर्दोष होतं. माझी जीभ नव्हती. पोर वरातीला भ्यायली." मला राग आला, हेही सांगतो. कुणावर, ते मला अजून कळलेलं नाही. पण तिची आई उठली, मावशींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि एकच विचारलं, "तुमची घडी उघडली होती ना?" मावशी म्हणाल्या, "उघडली." "मग तुम्ही तुमच्या बाजूने तिला धरलं होतं," ही म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा मी आत गेलो. ही आज इथे येऊ शकली नाही. आभाळ मोकळं असलं की ती घराच्या खिडक्या लावून घेते. तिच्या वतीने मावशींना नमस्कार सांगतो.

त्यानंतर वरात बंद झाली. मावशींचं बोलणंही बंद झालं. आणि आता निवृत्तीचं वय व्हायच्या आधीच मावशी निघाल्या. निमंत्रणपत्रिकेत लिहिलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. असेल बुवा. काल त्यांनी मला फोन केला. "भाऊ, उद्या मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागणार आहे. मुलगी माझ्यामुळे गेली असं माईकवर सांगून मगच जाणार. तुम्ही या." म्हणून मी आधी उभा राहिलोय.

मावशी, तुम्ही तसं म्हणू नये म्हणून मी आलोय.

तुमचं काही चुकलंच नाही, असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. तुम्ही उसवलेला टाका कधी झाकला नाहीत, मग तुमच्यासमोर मी कसा झाकू? तिला त्या क्षणी वरात आठवली असेल. नसेलही. मुख्य पॅराशूट स्वतःच्या पगारातून घेतलेलं, ते रानात हरवेल हे आठवलं असेल. हातातली वस्तू टाकून देऊ नये, हे आमच्या घरात तिने जन्मापासून ऐकलंय, ते आठवलं असेल. किंवा नुसतं वाटलं असेल, सुटतोय पीळ, आणखी एकदाच. मी रात्रंदिवस त्या जागी उभा राहून पाहिलं. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत नाही. मला, तिच्या बापाला दिसत नाही, तर तुम्ही एकटीनेच ते ओझं का उचलायचं? त्या चेष्टेला हे सगळं सभागृह हसलंय. ताट बडवणारे हात इथे बसलेत. बडवणाऱ्यांत ती स्वतः होती. एवढ्या जणांचं ओझं तुम्ही एकटीच्या पाठीवर बांधून निघालात, तर मावशी, तुमच्याच भाषेत सांगतो, हा पट्टा त्या वजनाला प्रमाणित नाही. हे खाली राहील.

आता एक शेवटची गोष्ट. मला मुख्य प्रशिक्षकांकडून कळलेली. मध्यंतरी इथे एक बँकेतले कॅशियर उडी शिकायला आले. देहाने भरभक्कम, स्वभावाने भित्रे. ते समोरच बसलेत, हात वर करू नका, मी नाव घेत नाहीये. त्यांच्या पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ पडला. त्यांनी ठरलेल्या उंचीला निमूट लाल मूठ ओढली, चंदेरी ओढली, आणि राखीववर सुखरूप उतरले. वरात निघाली नाही. कोणी हसलंही नाही. सगळे इतके गप्प की ते बिचारे मेल्याहून मेल्यासारखे झाले. विमानाच्या शेडमागे जाऊन पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसले. त्यांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं.

कितीतरी महिने कुणाशी न बोललेल्या मावशी खोलीतून बाहेर आल्या. थेट शेडमागे गेल्या. त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "सोडलंस ना? फार चांगलं केलंस, राजा. कापड काय, मी पुन्हा घडी घालीन." एवढ्या मोठ्या कॅशियर साहेबांना राजा म्हणाल्या. ते लहान पोरासारखे रडले म्हणतात.

असो. या क्लबने मला, एका जमिनीवरच्या माणसाला, बोलायला बोलावलं, याबद्दल अध्यक्षांचे आणि कार्यकारिणीचे आभार. मुख्य प्रशिक्षकांचे आभार. तपासनीस साहेबांचे आभार. माझ्या मुलीला अखेरपर्यंत उचलून आणणाऱ्या तिच्या मित्रांचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, त्यांनी ते मानल्यासारखे समजावे. बोलण्याच्या ओघात कोणाला टोचलं असेल, चिठ्ठीचा अवमान झाला असेल, तर या म्हाताऱ्याला पदरात घ्यावं. आज या माईकवरून माफी मागायची ती एवढी एकच.

मावशी, आता तुम्ही या. त्या शेडमागे जे म्हणालात, तेच इथे म्हणा. पण माझ्या पोरीला म्हणताय असं समजून म्हणा. तिला ते ऐकायचं राहून गेलं. तिच्या वतीने मी ऐकतो.