उलट्या आट्यांची बाटली

(जर्मनीतलं डार्मश्टाट. सकाळचे अकरा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सासू आणि सून. मध्ये विमा कंपनीचा सहा पानी छापील फॉर्म.)

अंजनाबाई : पाच झाले. सहावा काय म्हणते?

उत्कर्षा : आई, तुम्ही जरा पडा ना. मी भरते. आज पोस्टात गेला पाहिजे. परवा सुगत येतोय, मग काही सुचणार नाही.

अंजनाबाई : येतोय नको म्हणू. आणून रायले त्याले. सहावा सांग.

उत्कर्षा : बोटीचं नाव.

अंजनाबाई : हे तं सोपं हाये.

उत्कर्षा : अंजना. काल फोनवर ती विम्याची बाई ‘आन्याना, आन्याना’ करत होती. मला कळेचना कोणाबद्दल बोलतेय.

अंजनाबाई : मी सांगतलं होतं त्याले, जित्या माणसाचं नाव बोटीले देऊ नको. तं म्हणे, आई, तू काही बुडणारी बाई नाई, मंग बोट कशी बुडन? बुडली नाई. जळाली.

उत्कर्षा : सात. ठिकाण. टोंगा, बंदराबाहेर नांगरलेली असताना. आठ. बोटीवर किती माणसं. एक.

अंजनाबाई : दोघं होते नं. त्याचा दोस्त अनिमेष होता.

उत्कर्षा : त्या वेळेला एकच. अनिमेष चार कॅन घेऊन छोट्या होडीतून किनाऱ्यावर गेला होता, डिझेल आणायला. आदल्या दिवशी रविवार. तिथे रविवारी सगळं बंद असतं, पंपसुद्धा.

अंजनाबाई : इथल्यावानीच.

उत्कर्षा : गेनाऊ, अगदी तसंच. म्हणून सोमवारी पंपावर ही रांग. त्या रांगेमुळे तो वाचला. धूर त्यानं रांगेतूनच पाहिला. आधी वाटलं कोणीतरी कचरा जाळतंय.

अंजनाबाई : नववा.

उत्कर्षा : स्वयंपाकाचा गॅस शेवटचा कधी भरला. भरला नसल्यास कारण.

अंजनाबाई : गॅसच्या बाटलीले तोटीच बसत नाई म्हणत होता.

उत्कर्षा : जर्मन बाटल्यांचे आटे उलटे असतात. तिथल्या डेपोच्या तोटीला बसत नाहीत. मध्ये लावायला पितळेचा एक तुकडा लागतो, अंगठ्याएवढा. अ‍ॅडॅप्टर. तो पोचला नव्हता.

अंजनाबाई : हाव. तसंच लिव.

उत्कर्षा : लिहिलं. दहा, अकरा इंजिनाचे आहेत, अनिमेषनं सांगितलंय तेच टाकते. बारा. संबंधित व्यक्तीशी शेवटचं बोलणं कोणाचं झालं.

अंजनाबाई : संबंधित कोण?

उत्कर्षा : सुगत.

अंजनाबाई : माह्याशी झालं. तू न्हाणीत होती.

उत्कर्षा : मी न्हाणीत नव्हते, आई. त्या दारात उभी होते. तुम्हाला हातानं खुणावलं, अंघोळीला गेलीय म्हणून सांगा.

अंजनाबाई : ते कागदावर लिवाचं काय काम? न्हाणीतच होती तू. पुढं चाल.

उत्कर्षा : तेरा. काय बोलणं झालं. शक्य तितकं शब्दशः.

अंजनाबाई : शब्दशः म्हणजे? काय व्हाचं बोलणं! म्हणे, आई, तिथं संध्याकाळ असन, इथं आता उजाडलं. तीन दिवस झाले, डब्यातले थंडे वाटाणे खाऊन रायलो. अनिमेष गेला डिझेलले, म्हटलं तोवर चहा मांडू, तं आच नुसती लुकलुक करून रायली. मी म्हणलं, अरे लेका, सिलिंडर आडवा कर न! तुह्या दहावीच्या परीक्षेत आठ दिवस आडव्या सिलिंडरवर पोळ्या टाकल्या मी. नंबर लावला होता अन् गाडी काही येत नव्हती. तू बाजूलेच पुस्तक घेऊन बसत होता, आठवते का? तं हसला. म्हणे, आठवते. म्हणे, आई, तुह्यं इंजिनिअरिंग म्हणजे! इतकंच. मंग रेंज गेली.

उत्कर्षा : बरं.

अंजनाबाई : काहून थांबली? लिव नं.

उत्कर्षा : लिहिते. ‘तब्येतीची चौकशी, जेवणखाण.’ पंधरा. आग विझवण्याची साधनं बोटीवर होती का.

अंजनाबाई : तेरानंतर पंधरा?

उत्कर्षा : चौदा आपल्याला लागू नाही.

अंजनाबाई : मले जर्मन नाई येत, उत्कर्षा. आकडे येतात. हात उचल.

उत्कर्षा : काही नाही तिथे.

अंजनाबाई : चित्र हाये. हे एक बाटली उभी. हे एक आडवी. दोघींपाशी फुली माराले चौकोन. आडवी केली तं काय होते?

उत्कर्षा : काही होत नाही, आई.

अंजनाबाई : असं नको करू. त्यानं सांगतलं असतं तसं सांग मले.

उत्कर्षा : बाटलीत खाली पातळ असतं, वर वायू. उभी असली की नळीत वायू जातो. आडवी केली की पातळ जातं, मग एकदम भडकतं. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात दाराखालून निघून जातो. बोटीला खाली दार नसतं. तळाशी साचून राहतो.

अंजनाबाई : आपल्या घराले तं फटीच फटी होत्या.

उत्कर्षा : हो.

अंजनाबाई : म्हणून वाचलो का आपण तवा?

उत्कर्षा : आई, ऐका माझं. तो इथे आकाशातल्या यानांचं इंधन ग्रॅमग्रॅम मोजायचा. पंधरा वर्षं तेच काम. त्याला हे माहीत नसेल का? तुम्ही सांगितलं म्हणून कोणी...

अंजनाबाई : मालूम होतं तं मंग केलं काहून?

उत्कर्षा : चहा प्यायचा होता म्हणून. अ‍ॅडॅप्टर नव्हता म्हणून. आणि तो का नव्हता ते विचारा मला.

अंजनाबाई : मी काही विचारत नाई.

उत्कर्षा : ‘पोचला नाही’ लिहिलं मी आत्ता. निघालाच नव्हता तो, आई. त्यानं महिनाभर आधी मागितला होता. मी आणला. पाकीट केलं, कस्टमचा कागद चिकटवला, पत्ता लिहिला, आणि बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवून दिलं. बारा दिवस. रोज त्याच्या शेजारची किल्ली उचलून कामाला गेले. वर्षाची सुट्टी घेऊन गेला होता, त्याचं दीड वर्ष केलं, तेही फोनवर सांगून. म्हटलं, खाऊ दे थंड. कंटाळेल, येईल. आणि आता ते पाकीट सापडत नाहीये. खाली केलरमध्ये, तळघरातसुद्धा शोधलं. कधी वाटतं, मी टाकलंच असेल पोस्टात.

अंजनाबाई : नाई टाकलं. माह्या बॅगेत हाये.

उत्कर्षा : तुमच्या?

अंजनाबाई : लोकं भेटाले येऊन रायले होते. चपला काढाले वाकत, तं समोर सुगतचं नाव. अन् तुह्यं अक्षर. मंग उचललं, लुगड्यात गुंडाळून खाली ठेवलं. एवढंसं हाये, पण जड लागते.

उत्कर्षा : म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे ताट आणून ठेवत होतात?

अंजनाबाई : मंग काय उपाशी ठेवू? तू बी आता हात ठेवला होता नं त्या चित्रावर.

उत्कर्षा : मी ‘उभी’वर फुली मारते. बोटीचं काही उरलं नाहीये, कोण बघणार आहे?

अंजनाबाई : आडवीवर मार.

उत्कर्षा : का पण?

अंजनाबाई : बेचाळीस वर्षांत एकदा त्यानं माह्यं ऐकलं. ते खोटं नको करू.

उत्कर्षा : आई, मला नाही जमणार.

अंजनाबाई : दे इकडं. फुली माराले जर्मन नाई लागत. हे घे. झालं. आता खाली ही रिकामी ओळ कशाची हाये?

उत्कर्षा : राहू द्या ती.

अंजनाबाई : वाच.

उत्कर्षा : ‘कोणाच्या सांगण्यावरून?’ नाव विचारलंय.

अंजनाबाई : मंग लिव नं माह्यं. बोटीचं नाव बी तेच हाये. त्यायले वाटन, चुकून दोनदा लिवलं.