रावणाक वेगळो कागद

कुडाळात कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे पिंगुळीचे एक आजोबा होते. काउंटरवरची मुलगी त्यांच्या लाकडी बाहुल्या बांधत होती.

“आजोबा, राम-रावण एकत्रच गुंडाळते.”

“नको गो! वाटभर भांडतले. रावणाक वेगळो कागद घे.”

“बरं. बबल रॅप लावू?”

“तो रंगाक चिकटता. आधी साधो पातळ कागद लाव, मगे तो.”

“आता तोंडं झाकते.”

“तोंडां उघडी ठेव.”

“अहो, नाकं मोडतील!”

“भोवती कागद चुरगळून भर, मोडूची नाय. तेंका रस्तो बघूंदे. परत येताना चुकाक नको.”

“परत कधी येणार?”

“येवच्यो नाय. दिल्लीच्या एका संग्रहालयान इकत घेतल्यान.”

“मग रस्ता कशाला?”

“हळू बोल गो. तां मी तेंका सांगूक नाय.”